पोटाचा साचा : हौस जरूर, पण जपून

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे एकाच विषयावरचे तीन प्रश्न आले. रोह्याच्या एका आजींनी विचारले, "नात खारघरला असते. आठवा महिना लागला आहे. पोटाला प्लास्टर लावून त्याचा साचा करून घेणार म्हणते. बाळाला बाधणार नाही ना?" पेणच्या एका गृहस्थांना खर्चाची चिंता होती. तिसरा प्रश्न खुद्द एका गर्भवतीचा. तिने लिहिले, "मला साचा करायचा आहे, सासूबाई नको म्हणतात. डॉक्टर, तुमचे मत काय?" तिघांनाही एकदमच उत्तर द्यावे, म्हणून आजचा लेख या विषयावर.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. नवी मुंबईत बाळाच्या हातापायांचे ठसे घेऊन ते चौकटीत बसवण्याची हौस आता नवीन राहिलेली नाही. त्याच्याच पुढची ही पायरी. साधारण 34 ते 36 आठवड्यांच्या सुमारास गर्भवतीच्या पोटाला भरपूर व्हॅसलिन लावतात. प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या त्यावर एकावर एक बसवतात. पंधरा-वीस मिनिटांत त्या कडक होतात आणि पोटाच्या आकाराची पोकळ करवंटी तयार होते. ती वाळवून, रंगवून आठवण म्हणून ठेवतात. पाश्चात्त्य देशांत ही पद्धत बरीच रुळली आहे. आपल्याकडे ती मोठ्या शहरांतून येत आहे, आणि शहरातल्या लेकी-सुनांमुळे तिची चर्चा आता रोहा-महाडच्या ओसरीपर्यंत पोहोचली आहे.

प्लास्टर म्हणजे काय?

प्लास्टर ऑफ पॅरिस आपल्याला परके नाही. हात मोडला की डॉक्टर प्लास्टर घालतात. पेण-हमरापूर भागात गणपतीचे कारखाने आहेत, तिथे हीच पांढरी पावडर पोत्यांनी येते. जिप्सम नावाचा खनिज दगड सुमारे 150 अंशांपर्यंत तापवला की त्याच्यातले बरेचसे पाणी उडून जाते आणि उरते ती ही पावडर. पॅरिस शहराजवळ या दगडाच्या खाणी होत्या, म्हणून हे नाव. पावडरीत पुन्हा पाणी घातले की ती गेलेले पाणी परत घेते, घट्ट होते आणि घट्ट होताना तापते. डच लष्करातले शल्यवैद्य अँटोनियस मॅथिसेन यांनी 1851-52 च्या सुमारास ही पावडर कापडी पट्टीत भरून मोडलेल्या हाडांसाठी वापरली. आज पोटाच्या साच्यासाठी वापरतात ती पट्टी याच जातीची.

आता "घट्ट होताना तापते" हे शब्द लक्षात ठेवा. सगळी सावधगिरी याच्याभोवती आहे. पातळ पट्टीचे तीन-चार थर असतील तर पोटाला नुसती ऊब लागते, पुष्कळ जणींना ती सुखद वाटते. पण थर जाड झाले, पट्ट्या गरम पाण्यात भिजवल्या किंवा लवकर वाळावे म्हणून वरून टॉवेल-चादर पांघरली, तर उष्णता आतच कोंडते आणि कातडी भाजू शकते. इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधील एका शाळेत 2007 साली सोळा वर्षांच्या एका मुलीने हातांचा साचा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत घातले. प्लास्टर घट्ट झाले, हात निघेनात. आतली उष्णता 60 अंशांपर्यंत जाऊ शकते. त्या मुलीची बहुतेक बोटे कापावी लागली. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पट्टी आणि बादलीतला गोळा यांत किती फरक आहे हे कळावे, एवढ्यासाठी सांगतो.

म्हणून पहिला नियम असा की, औषधाच्या दुकानात किंवा शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारी प्लास्टरची पट्टीच वापरावी. घराच्या छतासाठी किंवा मूर्तीसाठी आणलेली पोत्यातली पावडर कालवून अंगावर कधीही थापू नये. "आमच्याकडे कारखाना आहे, पावडर फुकट आहे" हा विचार इथे नको. पाणी हाताला गरम लागणार नाही इतपतच कोमट घ्यावे. एका ठिकाणी चारपेक्षा जास्त थर देऊ नयेत. प्लास्टर फक्त पुढच्या बाजूला लावावे, पाठीकडे वळवून कंबरेभोवती गुंडाळू नये, नाहीतर श्वासाला अडचण होते आणि काढताना कात्री चालवावी लागते. बेंबीत आणि लव असेल तिथे व्हॅसलिन जास्त लावावे. पोटाला चटका बसतो आहे असे तिने म्हणताच साचा अर्धवट असला तरी तत्क्षणी काढून टाकावा. "आणखी दोन मिनिटे थांब, बिघडेल" असे कोणीही म्हणू नये. बिघडला तर बिघडू द्यावा, पट्ट्या पुन्हा आणता येतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची सूचना. उरलेले प्लास्टरचे पाणी मोरीत ओतू नका. हा पदार्थ पाण्यातही घट्ट होतो आणि पाइप तुंबतो. बादलीत तळाला बसू द्या, घट्ट झाल्यावर कचऱ्यात टाका. तसेच आपल्या किनारपट्टीची हवा दमट. साचा पंख्याखाली दोन-तीन दिवस पूर्ण वाळल्याशिवाय रंगवला तर पावसाळ्यात त्याला बुरशी धरते.

उताणे झोपवू नका

प्लास्टरपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती बसण्याची. नेरूळमधल्या एका घरातून मला एकदा फोन आला. फोन दिराने केला होता. "डॉक्टर, वहिनी पांढरीफटक पडली आहे. घाम सुटलाय. प्लास्टर लावत होतो." मी विचारले, कशी झोपली आहे? तर चटईवर, उताणी. मी सांगितले, सगळे सोडा, आधी तिला डाव्या कुशीवर वळवा. तीन-चार मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला. नंतर दवाखान्यात आणून तपासले, तेव्हा तिचा रक्तदाब आणि बाळाचे ठोके व्यवस्थित होते. घरातल्यांची मात्र खात्री पटली होती की प्लास्टर बाधले. थोरल्या जाऊबाईंना वाटले दृष्ट लागली.

प्रत्यक्षात दोन्ही नव्हते. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भपिशवी इतकी जड होते की, बाई उताणी झोपली तर पाठीच्या कण्याशेजारून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर तिच्या वजनाखाली दबते. हृदयाकडे रक्त कमी येते, रक्तदाब उतरतो, भोवळ येते. बाळाकडे जाणारा रक्तपुरवठाही कमी होतो. कुशीवर वळले की शीर मोकळी होते. रात्री झोपतानाही याच कारणासाठी आम्ही कुशीवर झोपायला सांगतो.

तेव्हा साचा घेताना तिला पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसवावे, पाठीमागे उशी द्यावी, पाय थोडे वर टेकवावेत. सारे मिळून अर्ध्या तासाहून जास्त वेळ लावू नये. आधी थोडे खाऊन घ्यावे, लघवीला जाऊन यावे. एक माणूस केवळ तिच्याकडे लक्ष देण्यासाठी असावा, त्याने प्लास्टरला हात लावू नये.

काही जणींनी मात्र ही हौस करूच नये. अंगावरून रक्त जाते, पाणी जाते, कळा येत आहेत, रक्तदाब वाढला आहे, वार खाली आहे म्हणून विश्रांती सांगितली आहे, ताप आहे, पोटावर पुरळ किंवा जखम आहे, अशा वेळी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. साच्यानंतर पोटाला थोडी खाज आली तर साध्या पाण्याने धुवून पाहावे. पण पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज सुटत असेल आणि ती रात्री वाढत असेल, तर "प्लास्टरमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. यकृताच्या बिघाडाची ती खूण असू शकते. दुसऱ्याच दिवशी दाखवा.

वडीलधाऱ्यांच्या शंका

आता सासूबाईंच्या नकाराकडे वळू. हे नकार मी हसण्यावारी नेत नाही. त्यांच्या पिढीने बाळंतपणात दगावलेल्या बायका जवळून पाहिल्या आहेत. पोट झाकावे, चर्चा करू नये, यामागे भीती होती. दृष्ट लागते याला आधार नाही, पण त्यामागची काळजी खरी आहे. तिला उत्तर द्यायचे तर नीट तपासण्या करून द्यावे.

"पोटाचे असे प्रदर्शन आपल्यात नाही" असेही म्हणतात. हे मात्र मला पूर्ण पटत नाही. डोहाळजेवणात आपण काय करतो? पोटुशीला हिरवी साडी नेसवतो, फुलांचे दागिने घालतो, झोपाळ्यावर बसवतो, ओटी भरतो, फोटो काढतो. सगळे गाव तिचे पोट पाहूनच कौतुक करते. त्याही मागे जायचे तर मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे लज्जागौरीच्या प्राचीन मूर्ती सापडल्या आहेत. प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या आसनातली ही देवता. रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर 'लज्जागौरी' हा ग्रंथच लिहिला. आपल्या पूर्वजांना गर्भवतीच्या देहाची लाज वाटत नव्हती, ते त्याची पूजा करत होते. फक्त साचा दिवाणखान्यात लावायचा की कपाटात ठेवायचा, हे ज्या बाईचे ते पोट आहे तिने ठरवावे. त्याचे फोटो कोणाला पाठवायचे, हेही तिनेच.

तिसरी गोष्ट मात्र मी कडक शब्दांत सांगतो. साचा तयार झाला की कोणीतरी तो हातात घेऊन म्हणणारच, "पोट टोकदार आहे, मुलगा होणार." किंवा "पसरट आहे, मुलगी." हे थोतांड आहे. पोटाचा आकार बाईची उंची, पोटाच्या स्नायूंचा ताठपणा, कितवी खेप, बाळ आडवे की उभे, गर्भजल किती यांवर ठरतो. मुलगा-मुलगी हे पित्याच्या बीजामुळे गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते. गर्भलिंग तपासण्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, केंद्राचा 1994 साली आला. यंत्राने पाहणे गुन्हा असेल, तर साच्यावरून तर्क करून मुलीच्या आईचे तोंड उतरवणे तरी कोणत्या शहाणपणाचे? साच्याच्या दिवशी हा विषय घरात काढायचाच नाही, असे आधी ठरवून टाका.

साचा म्हणजे तपासणी नव्हे

मला खरी भीती वेगळीच आहे. हौसेला दिवस काढला जातो, तपासणीला काढला जात नाही. साचा पाहून घरचे म्हणतात, "बघा, पोट कसे छान भरले आहे, बाळ गुटगुटीत असणार." बाहेरच्या आकारावरून बाळाची वाढ कळत नाही. ती कळते मोजपट्टीने. दाई, नर्स किंवा डॉक्टर पोटावर टेप लावून गर्भपिशवीची उंची मोजतात. साधारण 20 व्या आठवड्यापासून जितके आठवडे तितके सेंटीमीटर, दोन-एकचा फरक धरून, असा हिशेब आहे. 32 आठवडे आहेत आणि माप 27 भरले, तर बाळ खुरटते आहे का हे पाहावे लागते. माप फार जास्त भरले तर जुळे, जास्त गर्भजल किंवा मधुमेह यांचा विचार करावा लागतो. टेप काही रुपयांची असते. पण दर भेटीला कार्डावर लिहिलेले ते आकडे एकाखाली एक वाचले की पोटातल्या बाळाची हकिकत कळते. साच्यातून ती कळत नाही.

या विषयात इतिहासही आठवतो. विल्यम हंटर नावाच्या वैद्याने 1774 साली गर्भवतीच्या गर्भाशयाची चित्रे असलेला मोठा ग्रंथ इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. त्याने प्लास्टरचे साचेही करून ठेवले होते, ते ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पण ते साचे गरोदरपणातच मरण पावलेल्या स्त्रियांच्या देहांवरून घेतलेले आहेत. त्यांच्यावरून वैद्यकशास्त्र शिकले. आज जिवंत, हसत्या बाईच्या पोटावरून साचा घेता येतो. हे घडले ते रक्तदाब मोजल्यामुळे, रक्त तपासल्यामुळे आणि वेळेवर रुग्णालय गाठल्यामुळे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींमागे एक. साच्याच्या भोवती टाळ्या वाजवणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना आपल्या सुनेचे हिमोग्लोबिन माहीत असते?

पेणच्या गृहस्थांना माझे उत्तर असे की, खर्चाचा क्रम ठेवा. आधी रक्त-लघवीच्या तपासण्या, लोहाच्या गोळ्या, रुग्णालयात नेण्याच्या गाडीची सोय, मग साचा. पैशांची अडचण असेल तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिचा लाभ घ्या. साच्यासाठी महागडा माणूस बोलवायलाच हवा असेही नाही. पाच-सहा पट्ट्या, व्हॅसलिनची बाटली आणि घरची दोन समजूतदार माणसे पुरतात.

तो अर्धा तास

इतके सगळे सांगूनही माझे मत साच्याच्या बाजूचे आहे. कारण सांगतो. आपल्या घरांत गर्भवतीला खाऊ घालतात, सूचना देतात, रागे भरतात. पण तिच्याजवळ निवांत बसून तिच्याकडे पाहणारे फार थोडे. नवरा सकाळची लोकल पकडतो तो रात्री परततो. सोनोग्राफीत सगळ्यांचे डोळे पडद्यावर, बाळावर. बाईकडे कोण पाहते? पोटावर पडलेल्या चिरांची तिला लाज वाटते, चालताना धाप लागते, रात्री झोप नसते, आणि "सगळ्याच बायकांना होते" या एका वाक्यात तिचे बोलणे संपवले जाते. साचा घेताना मात्र नवऱ्याला अर्धा तास तिच्यासमोर बसावे लागते. त्याच्या हाताखाली बाळ लाथ मारते, आणि बाप होणे म्हणजे काय हे त्याला कदाचित तेव्हा पहिल्यांदा कळते.

त्या अर्ध्या तासाचा उपयोग करून घ्या. पट्ट्या वाळत असताना तिच्या पायांकडे पाहा. पावले संध्याकाळी थोडी सुजणे स्वाभाविक आहे. पण चेहरा, हाताची बोटे सुजली आहेत का? अंगठी घट्ट झाली आहे का? डोके सतत दुखते का, डोळ्यांपुढे चमकल्यासारखे होते का, बरगड्यांखाली दुखते का? ही रक्तदाब वाढल्याची लक्षणे असू शकतात आणि त्यात आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. डोळ्यांच्या आतली बाजू, जीभ फिकट दिसते का? बाळाची हालचाल रोजच्यासारखी आहे का, हे तिलाच विचारा. कमी वाटते म्हणाली तर साचा बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात न्या, उद्यावर टाकू नका. आणि शेवटी विचारा, तुला बाळंतपणाची भीती वाटते का? पुष्कळजणी या प्रश्नावर रडतात. रडू द्या. त्याने काही बाधत नाही.

आता पत्र लिहिणाऱ्या त्या मुलीला. तुझी प्रकृती ठीक असेल आणि तुझ्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर जरूर साचा कर. सासूबाईंना दूर ठेवून करू नकोस, त्यांनाच शेजारी बसव आणि वर सांगितलेले पाहणारे माणूस त्यांना नेम. अनुभवी डोळा त्यांचाच आहे. आणि ज्या मुलीला साचा नको आहे, लाज वाटते, दमणूक होते, तिला मैत्रिणींनी किंवा नवऱ्याने "सगळ्या करतात" म्हणून भरीस घालू नये. नको म्हणण्याचा हक्क तिचा आहे. डोहाळे पुरवायचे असतात, लादायचे नसतात.

ज्यांच्या घरी सध्या सातवा-आठवा महिना चालू आहे, त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर एक करावे. साच्याचे पुढे पाहू, आधी गर्भवतीचे तपासणी कार्ड काढून बघा. शेवटची तारीख महिन्याहून जुनी असेल, तर उद्या सकाळी तिला घेऊन दवाखान्यात जा.